आमच्या छोट्या बॅप्टिस्ट मंडळीचा इतिहास लिहितेय: फुटीचं पान ठेवू की गाळू?

ओसरी
नमस्कार. ख्रिस्ती मराठीत एका चर्चच्या सगळ्या माणसांना मिळून 'मंडळी' म्हणतात. हा शब्द खाली सारखा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आमची बॅप्टिस्ट मंडळी लहान आहे. रविवारी साठ माणसं आली की बाक भरतात. पुढच्या वर्षी तिला पन्नास वर्षं पूर्ण होतील, त्यानिमित्त एक पुस्तिका काढायचं ठरलंय आणि लिहिण्याचं काम माझ्याकडे आलंय. माझे वडील बरीच वर्षं मंडळीचे चिटणीस होते, त्यामुळे सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या आमच्याच घरात आहेत.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर मंडळीचा करार आहे. एकमेकांसाठी प्रार्थना करू, कोणाची चूक दिसली तर आधी एकांतात त्यालाच सांगू, आजारी माणसाला एकटं सोडणार नाही, असं साध्या भाषेत लिहिलंय. खाली अकरा सह्या आणि दोन अंगठे. ते पान मी कितीदा वाचलंय याला गणती नाही.

मग दुसऱ्या वहीत एका सभेचा वृत्तान्त येतो. एक वयस्कर बाई दुसऱ्या ख्रिस्ती पंथातून आमच्याकडे यायच्या. त्यांचा बाप्तिस्मा तान्ह्या असताना झालेला, डोक्यावर पाणी शिंपडून. त्यांना सभासद व्हायचं होतं. पाळक (चर्चचे धर्मगुरू) म्हणाले, आपल्याकडे विश्वास ठेवल्यावर आणि पाण्यात बुडवून दिलेला बाप्तिस्मा धरतात, तो घ्या. बाई म्हणाल्या, माझ्या आईबापांनी मला देवाच्या हाती दिलं ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मत घेतलं गेलं. चार मतांनी त्यांना नकार मिळाला. पुढच्या महिन्याभरात सात घरं मंडळी सोडून गेली. पहिल्या पानावरच्या सह्यांपैकी तीन सह्या त्या घरांतल्या आहेत.

आमचे एक वडीलधारे सभासद म्हणतात, हे पान गाळ. दुखावलेली माणसं अजून हयात आहेत, सणाच्या पुस्तिकेत जखम कशाला उघडायची. मला ते पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही. काय करावं?

आणि दुसरं, ही पुस्तिका ख्रिस्ती नसलेले शेजारीही वाचतील. बॅप्टिस्ट लोक नेमकं काय मानतात हे थोडक्यात कसं सांगावं?

कंदील
मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे शेजाऱ्यांच्या वतीने पहिला प्रश्न माझा. बॅप्टिस्ट म्हणजे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे अनुयायी का? मला इतकी वर्षं तसंच वाटत होतं.

तळटीप
@कंदील, नाही. हे नाव विरोधकांनी ठेवलं आणि मग चिकटलं. सोळाव्या शतकात युरोपात काही लोक म्हणू लागले की तान्ह्या मुलाला कळत नाही, म्हणून त्याचा बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. ते मोठ्या माणसांना पुन्हा बाप्तिस्मा देत, म्हणून त्यांना 'पुनर्बाप्तिस्मावाले' म्हणून हिणवलं गेलं. झुरिकमध्ये १५२५ साली याची सुरुवात झाली आणि १५२७ च्या जानेवारीत तिथल्या नगरसत्तेने फेलिक्स मान्झला लिमात नदीत बुडवून मारलं. पाण्याबद्दलच्या श्रद्धेची शिक्षा पाण्यानेच.

बॅप्टिस्ट त्यांचे थेट वंशज नाहीत. ते इंग्लंडच्या राजमान्य चर्चमधून बाहेर पडलेले लोक. जॉन स्मिथ आणि थॉमस हेल्विस छळाला कंटाळून आपल्या माणसांसह हॉलंडला गेले. १६०९ साली ॲमस्टरडॅममध्ये स्मिथने आधी स्वतःचा स्वतःच बाप्तिस्मा केला, कारण ज्याच्याकडून घ्यावा असा कोणी त्याला सापडेना. मग हेल्विसला आणि इतरांना दिला. तोही बुडवून नव्हे, पाणी ओतून. बुडवण्याची पद्धत इंग्लंडमधल्या बॅप्टिस्टांत १६४० च्या सुमारास पक्की झाली.

आता ओसरीताई, तुमच्यासाठी महत्त्वाचं. त्या पहिल्याच मंडळीत वर्षभरात फूट पडली. स्मिथला वाटू लागलं की आपण स्वतःला दिलेला बाप्तिस्मा बरोबर नव्हता, मेनोनाइटांकडे, म्हणजे हॉलंडमधल्या पुनर्बाप्तिस्मावाल्यांकडे, जाऊन रीतसर घ्यावा. हेल्विस म्हणाला, देवाने एकदा मान्य केलेलं आपण रद्द का करायचं? दोघं वेगळे झाले. हेल्विस थोडी माणसं घेऊन लंडनला परतला आणि १६१२ च्या सुमारास स्पिटलफील्ड्समध्ये इंग्लंडच्या भूमीवरची पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभी राहिली. म्हणजे 'कोणाचा बाप्तिस्मा धरायचा' या वादाने तुमची एकटीची मंडळी फुटलेली नाही. सगळ्या बॅप्टिस्टांची पहिली फूट त्याच प्रश्नावर झाली. ते पान गाळलंत तर तुम्ही बॅप्टिस्ट का आहात हेच गाळाल.

जुनेपान
तळटीप यांच्याशी असहमत. आमच्याकडे लहानपणापासून शिकवलंय की बॅप्टिस्ट हे प्रॉटेस्टंटांपैकी नाहीतच. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीपासून खरा बाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्यांची साखळी कधी तुटली नाही, फक्त काळानुसार नावं बदलली. इतिहास १६०९ पासून सुरू करणं म्हणजे आपलं मूळ आपणच तोडणं.

तळटीप
@जुनेपान, ही शिकवण कुठून आली ते सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेच्या दक्षिण भागात ती जोर धरू लागली आणि तिथल्या पाळकांबरोबर जगभर गेली. अडचण अशी की साखळीतले दुवे म्हणून जी नावं घेतात त्यांतले कितीतरी गट आजच्या बॅप्टिस्ट श्रद्धेपासून फार दूर होते. काही तर देहाला आणि सृष्टीलाच वाईट मानणारे होते. बॅप्टिस्ट इतिहासकारच आज ही साखळी मानत नाहीत. शिवाय बॅप्टिस्टाला साखळीची गरज काय? वंशावळीने अधिकार येतो असं बिशपांच्या चर्चने म्हणावं. आपण म्हणतो, दोन-तीन माणसं पवित्र शास्त्र उघडून प्रभूच्या नावाने जमली तर तिथे मंडळी आहे.

जुनेपान
शेवटचं वाक्य पटलं. आधीच्यावर विचार करतो.

शेवंती
दुसऱ्या प्रश्नाला मी अनुभवाने उत्तर देते. मी एकोणिसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला. आधी दोन महिने दर शनिवारी पाळकांकडे शिकायला जायचं. मग एका रविवारी सगळ्या मंडळीपुढे उभं राहून साक्ष द्यायची: मी कोण होते, काय चुकलं, ख्रिस्ताने मला कसं धरलं. त्यानंतर मला बाहेर बसवलं आणि आत मंडळीने हात वर करून होकार दिला.

आमच्या चर्चमध्ये व्यासपीठाच्या फळ्या काढल्या की खाली टाकी आहे. पांढरा झगा घालून पायऱ्या उतरायच्या. पाळक एक हात पाठीमागे धरतात, नाकावर रुमाल ठेवतात, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणतात आणि मागे झुकवून पूर्ण पाण्याखाली नेतात. एक क्षण काहीच ऐकू येत नाही. मग वर येता आणि सगळी माणसं गात असतात. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पुरलं जाणं आणि उठवलं जाणं लिहिलंय, ते मला त्या पाण्यात समजलं. पुस्तिकेत हे सविस्तर लिहा. दहा कलमी श्रद्धापत्रापेक्षा शेजाऱ्यांना ते लवकर कळेल.

रानवारा
शेवंतीताई, आमच्याकडे पाळक बुटके आणि बाप्तिस्मा घेणारा आखाड्यातला गडी. दोघं पाण्यात गेले, लाट उसळली, पुढच्या बाकावरच्या आजी भिजल्या. त्या म्हणाल्या, चला, माझाही पुन्हा झाला! पाळकांसकट सगळे हसले आणि मग त्याच आनंदात स्तोत्र म्हटलं.

वेशीबाहेर
मी शिंपडलेल्यांपैकी आहे, म्हणून त्या बाईंच्या बाजूने बोलतो. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात फिलिप्पै शहरातल्या तुरुंगाधिकाऱ्याचा त्याच्या घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा झाला. त्या घरात लेकरं नव्हती असं कोण सांगेल? मूल जन्मल्यावर आपण त्याला विचारतो का, बाळा, तुला मराठी शिकायचीय का? आईची भाषा त्याला आधी मिळते, कळते नंतर. देवाची कृपाही तशीच आधी येते. आम्ही मोठेपणी दृढीकरणात तिला स्वतःच्या तोंडाने हो म्हणतो. मला कोणी म्हणालं की तुझा बाप्तिस्मा झालेलाच नाही, तर माझ्या आईची प्रार्थना कोणीतरी पुसतंय असं वाटतं.

आणि यातून वाट निघाली आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट यांच्याबरोबर उत्तर भारतातल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांचा एक गटही त्यात आला. बालबाप्तिस्मा आणि विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा हे दोन्ही तिथे मान्य झाले. पालकांनी कोणता ते निवडावं, एकदा झालेला मात्र पुन्हा करू नये.

शेवंती
@वेशीबाहेर दादा, भाषेचं उदाहरण सुंदर आहे आणि मी त्यावर दिवसभर विचार केला. पण भाषा आई देते, तसा लग्नाचा होकारही आईने द्यावा का? आमच्या मते बाप्तिस्मा हा होकार आहे. म्हणून आम्ही तान्ह्या मुलाचं बालार्पण करतो. पाळक त्याला हातात घेऊन आशीर्वाद मागतात, आईबाप आणि मंडळी त्याला वाढवायचं वचन देतात. पाणी राखून ठेवतो, ते त्याने स्वतः मागावं म्हणून.

तुमच्या आईची प्रार्थना मात्र कोणी पुसू नये. बाईंना नकार देताना ती पुसल्यासारखी वाटली असेल, तर ते आमचं चुकलं.

कंदील
एक अवघड प्रश्न विचारू का? राग मानू नका. पूर्वी दुष्काळात, उपासमारीत लोकांचे बाप्तिस्मे झाले असं ऐकतो. मग 'स्वतःचा होकार' याला काय अर्थ राहतो?

तळटीप
@कंदील, योग्य प्रश्न आहे आणि तो बॅप्टिस्टांनी स्वतःलाही विचारला होता. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात तेलुगू भागात ओंगोल इथे जॉन क्लॉ नावाचे अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी होते. बकिंगहॅम कालव्याच्या खोदकामाचा काही भाग त्यांनी कंत्राटाने घेतला, म्हणजे लोकांना मजुरी मिळेल. लोक बाप्तिस्मा मागत होते, पण दुष्काळ आणि मदतकार्य चालू असेपर्यंत त्यांनी बाप्तिस्मे थांबवले. भाकरीसाठी कोणी पाण्यात उतरू नये म्हणून. मदत संपल्यावरही लोक आले, आणि ३ जुलै १८७८ या एका दिवशी गुंडलकम्मा नदीत २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला. बहुतेक मादिगा समाजाचे, म्हणजे गावाने बाहेर ठेवलेले. त्या प्रत्येकाच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही. प्रतिष्ठेची ओढ असेल, श्रद्धा असेल, दोन्ही एकत्रही असतील. थांबण्याचा निर्णय मात्र मला मोठा वाटतो.

मोडीवाचक
उशिरा आलो, पण एक गोष्ट इथे यायलाच हवी. मराठी माणसाचा बॅप्टिस्टांशी संबंध फार जुना आहे आणि तो छापखान्यातून आला.

विल्यम केरी हा इंग्लंडमधला चांभारकाम करणारा बॅप्टिस्ट पाळक. १७९२ च्या ऑक्टोबरात केटरिंगमध्ये मूठभर पाळकांनी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी काढली आणि पुढच्या वर्षी केरी बंगालात आला. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून १८०० साली तो डॅनिश अमलाखालच्या सेरामपूरला गेला. त्याच वर्षी २८ डिसेंबरला हुगळीच्या काठावर कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला, त्याच्यासोबत केरीचा मुलगा फेलिक्सही पाण्यात उतरला. कृष्ण पालचा हात निखळला होता, तो बसवायला मिशनचे डॉक्टर गेले आणि तिथून ओळख वाढली.

पुढे केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागला. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्याने मराठी शिकली, १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. कोशातले मराठी शब्द मोडी टायपात आहेत! मोडीचे खिळे पाडणारा कारागीर बंगाली, शब्द सांगणारा पंडित मराठी आणि छापून घेणारा इंग्रज बॅप्टिस्ट. माझ्यासारख्या मोडीवेड्याला हे आठवलं की भरून येतं.

वेशीबाहेर
मग प्रश्न पडतो. सुरुवात इतकी लवकर झाली, तरी मराठी मुलखात बॅप्टिस्ट मंडळ्या इतक्या थोड्या का?

मोडीवाचक
त्याचं एक कारण समुद्रावर घडलं. १८१२ साली अमेरिकेतून पहिले मिशनरी भारताकडे निघाले, सगळे बालबाप्तिस्मा मानणाऱ्या काँग्रिगेशनल पंथाचे. त्यांत ॲडोनिराम जडसन होता. सेरामपूरला बॅप्टिस्ट भेटणार, त्यांना उत्तर द्यावं लागणार, म्हणून तो जहाजावर बाप्तिस्म्याचा अभ्यास करत बसला. अभ्यास करता करता त्यालाच बॅप्टिस्टांचं म्हणणं पटलं! कलकत्त्यात त्याने आणि त्याची पत्नी ॲनने बुडवून बाप्तिस्मा घेतला. दुसऱ्या जहाजाने आलेल्या ल्यूथर राइसनेही थोड्याच दिवसांत तेच केलं. ज्या संस्थेने पाठवलं तिचा आधार अर्थातच सुटला. जडसन ब्रह्मदेशात गेला, राइस अमेरिकेत परतून बॅप्टिस्टांना जागं करत फिरला.

त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र मतावर ठाम राहिले आणि १८१३ मध्ये मुंबईला पोचले. तिथून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. पुढे मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा मोठा भाग या मिशनच्या आणि स्कॉटिश, अँग्लिकन मिशनांच्या कामातून वाढला, म्हणजे बाळांचा बाप्तिस्मा करणाऱ्यांच्या. ओसरीताई, तुमच्या सभेत ज्या दोन बाजूंनी हात वर झाले, त्या दोन बाजू दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एकाच तुकडीत होत्या.

पाऊलवाट
सगळे पाण्यावरच बोलताय. माझ्या मते बॅप्टिस्टांचं खरं वेगळेपण 'मत घेतलं गेलं' या तीन शब्दांत आहे. बिशप नाही, वरून हुकूम नाही. पाळक कोणाला बोलवायचं, पैसा कुठे खर्चायचा, सभासद कोणाला करायचं, हे मंडळी ठरवते. म्हाताऱ्या विधवेचं आणि डॉक्टरचं मत सारखं.

याच मुळातून राज्यसत्तेबद्दलचं मतही आलं. हेल्विसने १६१२ मध्ये इंग्लंडच्या राजा जेम्सला उद्देशून लिहिलं की राजा मर्त्य माणूस आहे, प्रजेच्या अमर आत्म्यावर त्याची सत्ता नाही. आणि ही मोकळीक त्याने स्वतःपुरती मागितली नाही. पाखंडी, मुसलमान, यहुदी, कोणालाही श्रद्धेसाठी शिक्षा करण्याचा अधिकार राज्याला नाही असं म्हणाला. लंडनमधल्या न्यूगेटच्या तुरुंगात मेला. १८०२ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याने धर्म आणि राज्य यांच्यातल्या भिंतीचा उल्लेख केला, तो कनेक्टिकटमधल्या डॅनबरीच्या बॅप्टिस्टांना लिहिलेल्या उत्तरात. शेजाऱ्यांसाठीच्या पानावर हे पहिलं लिहा, कारण हे त्यांच्याही हक्काचं आहे.

आता दुसरी बाजू. मी ज्या मंडळीत वाढलो तिथे एका घराण्याची माणसं जास्त होती, त्यामुळे प्रत्येक मत त्यांच्याच बाजूने पडायचं. वरती दाद मागायला कोणी नाही. चार मतांनी जिंकता येतं, पण चार मतांनी माणूस घराबाहेरही जातो. आणि बहुमत चुकू शकतं. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या बॅप्टिस्टांनी १८४५ मध्ये वेगळा संघ काढला तो गुलामगिरीच्या वादातून, गुलाम बाळगणाऱ्यांची बाजू घेत. त्याची जाहीर माफी मागायला १९९५ उजाडलं. एवढा मोठा संघ आपलं ते पान छापू शकतो, तर तुमचं पान काय आहे?

रानवारा
+१. माझे काका एका मंडळीत डीकन, म्हणजे पाळकांचे मदतनीस, होते, तिथे पंख्याचं तोंड कुठे असावं यावरही मतदान झालंय. दोनदा.

जुनेपान
मी विचार करून परत आलोय. साखळीचा मुद्दा सोडतो. पण सगळे ओसरीला 'छाप' म्हणताहेत, तर तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांची बाजू कोणीतरी घ्यावी. करारातच लिहिलंय ना, चूक आधी एकांतात सांगू? मग छापण्याआधी त्या सात घरांना आणि त्या गृहस्थांना भेटायला हवं. पान छापणं बरोबर असेल, पण ते त्यांना पुस्तिकेतून पहिल्यांदा कळू नये.

आणखी एक. मतभेद असतानाही दार किती उघडं ठेवायचं यावर बॅप्टिस्टांची एकच रीत कधीच नव्हती. लंडनला एकोणिसाव्या शतकातला प्रसिद्ध बॅप्टिस्ट उपदेशक स्पर्जन याच्या मंडळीत सभासद व्हायला बुडवून बाप्तिस्मा लागायचाच, पण प्रभुभोजनाचं मेज, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकर आणि प्याला वाटून घेण्याचा विधी, दुसऱ्या पंथाच्या विश्वासणाऱ्यांना खुलं होतं. तुमच्या बाईंना मेजावर जागा होती का?

ओसरी
जुनेपान काका, तुमचा प्रश्न वाचून वही पुन्हा काढली. नव्हती. त्या नंतरही येत राहिल्या, हे मला माहीत नव्हतं. संडे स्कूलच्या हजेरीपटावर शिक्षक म्हणून सलग सहा वर्षं त्यांची नोंद आहे आणि पुढे कंसात 'सभासद नाहीत'. म्हणजे मुलांना शिकवायच्या आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि प्याला त्यांच्यासमोरून पुढे जायचा. अक्षर माझ्या वडिलांचं आहे. त्यांनी तो कंस दर वर्षी लिहिला.

काल त्या वडीलधाऱ्यांकडे गेले. तुम्ही म्हणालात तसं, आधी भेटायला. त्यांनी बराच वेळ वही हातात धरली. मग म्हणाले, ती माझी मावशी. नकाराच्या मतांत माझं एक होतं. मी त्या वेळी तेवीस वर्षांचा होतो, शास्त्र मला पाठ होतं. आजही त्यांना वाटतं की बाप्तिस्म्याबद्दलचं त्यांचं मत बरोबर आहे, आणि मलाही तेच वाटतं, हे मी लपवणार नाही. पण मत दिल्यावर ते मावशीच्या घरी गेले नाहीत, ती वारली तोपर्यंत. त्यांना गाळायचं होतं ते हे. वहीत मतांचा आकडाच आहे, नावं नाहीत. ते म्हणाले, माझं नाव तू लिही.

मी नाव लिहिणार नाही. पान मात्र जाणार, कंसासकट. सात घरांपैकी चारांचा पत्ता लागलाय, त्यांना मसुदा पाठवतेय. मेज खुलं करण्याचा ठराव पुढच्या सभेत ते स्वतः मांडणार आहेत. सभासदत्वाचा नियम तसाच राहील असं दिसतंय.

शेजाऱ्यांसाठीच्या पानावर शेवंतीताईंची टाकी आणि पाऊलवाट यांचा हेल्विस येतोय. मोडीवाचक, केरीच्या कोशावरचा तुमचा परिच्छेद घेऊ का?

मोडीवाचक
घ्या की. आणि कराराचं पहिलं पान टाइप करून छापू नका. फोटो छापा, दोन्ही अंगठे दिसले पाहिजेत.

ओसरी
हो, फोटोच. त्यातला डावीकडचा अंगठा त्या सात घरांतल्या एका आजोबांचा आहे. त्यांच्या नातवाने आज फोन करून विचारलं, पुस्तिका आम्हालाही मिळेल का.